मुदतीचा डाव

आमच्याकडे जुन्या पिढीत बुद्धिबळ खेळणारी मंडळी दोन तऱ्हेची असत. एक तऱ्हा चाल आधी करून विचार मागाहून करणारांची. हात प्याद्यावर पडतो न पडतो तोच ते पुढच्या घरात जाई आणि लगेच 'अरेच्चा, हत्ती उघडा पडला की!' असा उद्गार निघे. ही माणसे हरत पुष्कळ. पण त्यांच्याशी खेळावयास सारेच तयार असत. दुसरी तऱ्हा विचारवंतांची. समोरच्याने घोडा उचलून ठेवला की हे हनुवटी तळहातावर टेकवीत, डोळे अर्धवट मिटत आणि समाधिस्थ होत. पानाचा विडा लावून होई, चघळून होई, स्वयंपाकघरातून ताटे वाढल्याची वर्दी येई, तरी यांचे आपले चाललेलेच! 'झाली का चाल?' असे कोणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले : 'घाई कसली आहे?'

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, या दुसऱ्या तऱ्हेचे. त्यांचा एकेक डाव आम्ही तीन-तीन रविवार चाललेला पाहिला आहे. पट तसाच्या तसा कपाटावर उचलून ठेवावयाचा आणि त्यावर फडके घालावयाचे, अशी घरातल्या सर्वांना ताकीद असे. दुर्दैवाने कपाटावर मांजरही बसत असे, आणि त्यामुळे अण्णांचे कित्येक डाव इतिहासात अनिर्णित म्हणूनच नोंदले गेले.

'घाई कसली आहे?' हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही, वाचकहो. कबड्डीत दम संपतो, क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विटी खाली पडण्याआधी टोला मारावाच लागतो. पण ज्या खेळात आळीपाळीने चाल करावयाची असते, त्या खेळात सारे जग तुमच्यासाठी थांबलेले असते. शत्रूचा हत्ती समोर उभा असला तरी तुम्ही चाल करीपर्यंत तो तसूभरही हलत नाही. एवढा सज्जन शत्रू दुसरीकडे कोठे मिळणार? या खेळांची सारी गोडी या थांबण्यात आहे, आणि सारा धोकाही तेथेच आहे. कारण जो डाव तुमच्यासाठी वाटेल तितका थांबावयास तयार आहे, तो संपण्याचे कारणच काय?

ही अडचण केवळ आमच्या अण्णांची नव्हती. 1851 साली लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरली. जर्मनीचा अँडरसन तीत पहिला आला. त्या स्पर्धेत चालीला वेळेचे बंधन नव्हते. हॉवर्ड स्टाँटन हा त्या काळचा इंग्लंडातला नामांकित खेळाडू. तिसऱ्या क्रमांकासाठी त्याची गाठ एलायजा विल्यम्स नावाच्या गृहस्थाशी पडली. हा विल्यम्स चाल करावयास इतका वेळ लावी, की स्टाँटन अगदी जेरीस आला, हरला, आणि पुढे त्याने त्या संथपणाविरुद्ध मोठी ओरड केली. हरलेल्या माणसाची तक्रार आपण जरा बेताने ऐकावी हे खरे. पण ही तक्रार एकट्या स्टाँटनची नव्हती. दहाच वर्षांनी, 1861 साली, अँडरसन आणि कोलिश यांचा सामना झाला, तेव्हा दोघांच्या शेजारी वाळूची घड्याळे ठेवण्यात आली : दोन तासांत चोवीस चाली झाल्याच पाहिजेत. 1883 च्या लंडनच्या स्पर्धेत तर यांत्रिक घड्याळांची जोडी आली. एका आडव्या दांडीवर दोन घड्याळे बसविलेली. एक चालू झाले की दुसरे बंद. मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सनची ही युक्ती. तेव्हापासून बुद्धिबळात पटावरच्या बत्तीस सोंगट्यांखेरीज आणखी एक तेहेतिसावी सोंगटी येऊन बसली. आणि ती दोघांच्याही विरुद्ध खेळते!

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी कथा सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. अण्णांचा पट आज कपाटावर नाही. तो लॅपटॉपात गेला आहे. तुमच्या-माझ्या घरातली मुले दिवाळीच्या सुटीत ज्या पडद्याकडे डोळे लावून बसतात, त्यावरचे सगळेच खेळ काही धडाधड बंदुका उडविण्याचे नसतात. त्यांत एक प्रकार थेट बुद्धिबळाच्या कुळातला आहे. आधी तुमची चाल, मग यंत्राची. पुन्हा तुमची, पुन्हा यंत्राची. तुम्ही चाल करीपर्यंत यंत्र मुकाट्याने बसून राहते. सिड मायर या अमेरिकन गृहस्थाचा 'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ 1991 साली निघाला आणि या कुळाची जगभर कीर्ती झाली. त्यात एखाद्या वस्तीपासून आरंभ करून राष्ट्र उभारावयाचे असते. रस्ते करा, विद्या शिका, शेजाऱ्याशी तह करा, नाही तर लढा. त्याच्या सहाव्या आवृत्तीत नेहमीच्या वेगाने खेळले तर एका डावात पाचशे चाली होऊ शकतात. 'आणखी एकच चाल' असे म्हणत खेळणारा रात्री बसतो आणि पहाटे दूधवाल्याच्या हाकेने भानावर येतो, असा या खेळाचा लौकिक आहे.

माझा भाचा याच संप्रदायातला. तो पुण्यास अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि दोन दिवाळ्यांपूर्वी सुटीत आमच्याकडे गोंदियास आला. येताना त्याने आपल्या आईशी एक करार केला होता : जो खेळ चालू आहे तो भाऊबिजेपर्यंत संपवावयाचा, आणि मग परीक्षा होईपर्यंत लॅपटॉपातून पार काढून टाकावयाचा. संपला नाही तरी काढावयाचाच. धनत्रयोदशीला हे महाशय आमच्या माडीवर स्थानापन्न झाले. हातात पाच-सहा दिवस. त्यातून अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन, पाडवा, पाहुणेरावळे वजा जाता उरेल तेवढा वेळ. आणि खेळाची मोहीम पुरी करावयास साधारण माणसाला तीस-पस्तीस तास सहज लागतात.

खेळाचे नाव 'एक्सकॉम 2'. 'सिव्हिलायझेशन'च्या पुढल्या आवृत्त्या काढणाऱ्या फिराक्सिस कंपनीनेच तो 2016 साली काढला. कथा अशी, की परग्रहावरच्या लोकांनी पृथ्वी जिंकून वीस वर्षे झाली आहेत आणि उरल्यासुरल्या बंडखोरांचे आपण सेनापती. पाच-सहा शिपायांची तुकडी घेऊन छापे घालावयाचे. शिपाई मेला की तो कायमचा गेला. आणि त्यातली खुबी अशी, की शिपायांना नावे आपण देऊ शकतो. आमच्या भाचेरावांनी सारे गणगोत फौजेत भरती केले होते. मामी तोफखान्यावर. मी दूरवरून नेम धरणारा बंदूकधारी. माझा चश्मा ज्यांनी पाहिला आहे त्यांनी यावर हसू नये. आणि तुकडीत सर्वांत अनुभवी, सर्वांत बिल्ले मिळवलेला शिपाई कोण, तर अण्णा! आजोबांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

पहिले दोन दिवस मी येता-जाता पाहत होतो. पोरगा आजोबांच्याच वळणावर गेला होता. एक पाऊल टाकावयाचे, आडोशाला बसावयाचे, पुन्हा अर्धा तास नकाशा न्याहाळावयाचा. यंत्र सांगे की नेम लागण्याचा संभव शंभरात नव्वद. गोळी हटकून चुके. मग साहेब 'हे काही खरे नाही' म्हणून आधी साठवून ठेवलेला डाव पुन्हा उघडीत आणि तोच छापा पहिल्यापासून घालीत. एकही शिपाई गमवावयाचा नाही, एकही गोळी वाया घालवावयाची नाही, असा बाणा. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी विचारले, "कुठवर आली स्वारी?"

"मामा, दोन दिवसांत तीन छापे झाले."

"आणि राहिले किती?"

तो हसला. त्या हसण्यात फारसा अर्थ नव्हता.

येथे त्या खेळाची एक गंमत सांगावयास हवी. या खेळाचा आधीचा भाग 2012 साली निघाला, तेव्हा खेळाडू असेच मुंगीच्या पावलाने खेळत. त्यात धोका कमी. पण कंटाळा भारी. म्हणून दुसऱ्या भागात कर्त्यांनी बऱ्याच छाप्यांना चालींची मर्यादा घातली : अमुक इतक्या चालींत काम उरका, नाही तर छापा फसला. शिवाय साऱ्या मोहिमेच्या डोक्यावर एक तांबडी पट्टी टांगून ठेवली. शत्रूचे कारस्थान पुढे सरकले की पट्टीतला एक तुकडा भरतो. बारा तुकडे भरले की शेवटची मोजणी सुरू. झाले! जगभरच्या खेळाडूंनी गिल्ला केला. विचार करण्याच्या खेळात घड्याळ कशाला, असे त्यांचे म्हणणे. कित्येकांनी आपल्या कारागिरीने खेळातून ती मर्यादाच काढून टाकली, आणि पुढच्या वर्षी कर्त्यांनी पुरवणी काढली तीत मर्यादा सैल करण्याची सोय ठेवली. स्टाँटनने जे मागितले, ते या मंडळींनी नाकारले. एकशे पासष्ट वर्षांनी तोच वाद, फक्त पट बदललेला.

भाच्याने मात्र मर्यादा काढली नव्हती. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री, फटाक्यांचा धूर खिडकीतून आत येत असताना, त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. आईने दिलेल्या फराळाच्या यादीच्या पाठीमागे त्याने हिशेब मांडला. कथा पुढे नेणारे मुख्य टप्पे कोणते? शत्रूचे गुप्त ठाणे, त्याची भट्टी, त्याचे महाद्वार, आणि अखेरचा हल्ला. यांच्यावाचून गत्यंतर नाही. पट्टी फार भरू नये म्हणून शत्रूची एखाद-दुसरी प्रयोगशाळा उडविणे भाग आहे. बाकीचे सारे, म्हणजे नव्या तऱ्हेची चिलखते, जादा संशोधन, शिपायांच्या रंगीबेरंगी टोप्या, यांवर त्याने काट मारली. शेवटी खाली एक ओळ लिहिली : 'डाव परत उघडणे नाही.'

त्या कागदावर काय करावयाचे हे चार ओळींत मावले होते आणि काय सोडावयाचे याने उरलेले पान भरले होते. मुदतीचे सारे शास्त्र मला त्या एका पानात दिसले. वेळ अमाप असला म्हणजे माणूस 'काय काय करता येईल?' असा विचार करतो. वेळ मोजका असला म्हणजे 'कशावाचून चालेल?' असा करतो. पहिल्या प्रश्नाला अंत नाही. दुसऱ्याला आहे.

पण हे कागदावर ठीक. पाडव्याच्या दुपारी खरी कसोटी आली. छापा शत्रूच्या मुलखात. काम झालेले, सुटकेची जागा नेमलेली, चाली उरलेल्या दोन. पाच शिपाई त्या जागेजवळ पोचलेले आणि अण्णा मागे, एका पडक्या भिंतीच्या आडोशाला, जखमी. त्यांना आणावयाचे तर दोघांनी परत फिरावयास हवे, आणि परत फिरणारे दोघेही वेळेत पोचतील याची खात्री नाही. पडदा थांबला होता. यंत्र नेहमीप्रमाणे सज्जनपणे वाट पाहत होते. भाचा हनुवटी तळहातावर टेकवून बसला होता, डोळे अर्धवट मिटून. आणि मी दारात उभा राहून पाहिले तर मला क्षणभर वाटले, की कपाटावर मांजर आहे की काय ते पाहावे.

वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. "मामा," तो म्हणाला, "आजोबांना ठेवून जावे लागेल."

"मरतील?"

"नाही. पकडले जातील. पुढे कधी तरी सोडवून आणायची संधी येते. पण येईलच असं नाही. आणि आली तरी तो छापा घालायला माझ्याकडे वेळ नाही."

मी काय बोलणार? खेळच तो, पडद्यावरचा एक निळसर बाहुला. पण नाव तर त्याने स्वतः घातले होते. कागदावर लिहून काट मारणे निराळे आणि नाव दिलेल्याला मागे ठेवणे निराळे. त्याने कळ दाबली. पाचजण निघून गेले. अण्णा भिंतीपाशी राहिले. पोरगा उठला, खाली आला, आणि न बोलता दोन अनारसे खाऊन परत वर गेला.

भाऊबिजेच्या आदल्या रात्री दीड वाजता मोहीम संपली. शेवटच्या हल्ल्यात मीही कामास आलो, असे मला सकाळी चहाच्या वेळी कळले. "पण जिंकलो ना?" मी विचारले. "जिंकलो," तो म्हणाला, "काही फार छान नाही जिंकलो. पण शेवट पाहिला. हा खेळ मी याआधी चार वेळा सुरू केला होता, मामा. एकदाही शेवट पाहिला नव्हता." आणि ओवाळणी झाल्यावर त्याने आईसमोर बसून तो खेळ काढून टाकला.

चार वेळा सुरू केलेला आणि एकदाही न संपलेला डाव! वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटावर असा एखादा पट फडक्याखाली झाकलेला आहे, की नाही?

कोणी म्हणेल, मुदतीपायी बेताचे खेळून जिंकण्यात काय मोठेपणा? उत्तम खेळावयाचे तर वेळ हवाच. या आक्षेपाला उत्तर द्यावयास मी भाच्याला पुढे करीत नाही. आपल्या नागपूरच्या मुलीला करतो. गोंदियाहून गाडीत बसले की दोन-अडीच तासांत नागपूर. तेव्हा तिला आमच्या शेजारची म्हणण्याचा हक्क आम्ही सोडणार नाही.

2025 च्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातल्या बटुमी या समुद्रकाठच्या गावी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक झाला. दिव्या देशमुख तेव्हा एकोणीस वर्षांची. मानांकन पंधरावे. ग्रँडमास्टर होण्यासाठी जी तीन प्रमाणे मिळवावी लागतात, त्यांतले एकही तिच्यापाशी नव्हते. चीनची झू जिनेर, आपली हरिका, मग एके काळची जगज्जेती तान झोंगयी, अशा एकीहून एक मातब्बर खेळाडूंना मागे टाकीत ती अंतिम फेरीस पोचली. तान झोंगयीशी झालेला निर्णायक डाव तर एकशे एक चालींचा! अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. वय अडतीस, म्हणजे दिव्याच्या बरोबर दुप्पट. दिव्याचा जन्म व्हावयाच्या तीन वर्षे आधी, 2002 साली, हम्पी ग्रँडमास्टर झालेली.

संथ गतीचे दोन डाव झाले. त्यांत प्रत्येकीला पहिल्या चाळीस चालींसाठी दीड तास आणि पुढे आणखी अर्धा तास. दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग 28 जुलैला जलद डावांची पाळी आली : प्रत्येकीला पंधरा मिनिटे आणि दर चालीगणिक दहा सेकंद. आता पाहा योग कसा! हम्पी ही तेव्हा जलद बुद्धिबळाचीच जगज्जेती. 2019 मध्ये एकदा आणि 2024 च्या डिसेंबरात दुसऱ्यांदा तिने तो मान मिळविलेला. म्हणजे मुदतीच्या खेळात जिचा हात धरणारे कोणी नाही, तिच्याशीच मुदतीचा खेळ. पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या सोंगट्या. डाव लांबला, पटावरची गर्दी ओसरली, दोघींची घड्याळे उतरत चालली. आणि अखेरीस वेळेच्या ओढाताणीत चूक झाली ती हम्पीच्या हातून. दिव्याने अडीच विरुद्ध दीड गुणांनी विश्वचषक जिंकला आणि त्या विजयाबरोबरच भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर तिने आईला मिठी मारली आणि ती रडली. घड्याळापुढे न डगमगलेली मुलगी घड्याळ बंद झाल्यावर रडली.

मराठी मुलींनी पट गाजविणे ही काही नवी गोष्ट नव्हे. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि पुढे जयश्री व रोहिणी या त्यांच्या बहिणींनी ते विजेतेपद जणू घरचेच करून टाकले. रोहिणीताई 1981 साली आशियाई विजेत्या झाल्या. तेव्हा घड्याळ काट्यांचे होते. वेळ संपत आली की काटा एका लहानशा तांबड्या पानाला उचली, आणि ते पान पडले की डाव गेला.

आजच्या घड्याळात मात्र एक निराळी करामत आहे. तो दर चालीमागचा दहा सेकंदांचा वाढावा! ही कल्पना अमेरिकन जगज्जेता बॉबी फिशरची. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्याने तिचे पेटंट घेतले आणि 1992 साली स्पास्कीशी पुन्हा सामना खेळला तो याच घड्याळावर. मला या घड्याळात मोठे तत्त्वज्ञान दिसते. ते वेळ हिरावून घेते हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण ते वेळ परतही देते. देते कुणाला? विचार करणाऱ्याला नव्हे. चाल करणाऱ्याला. तुम्ही हनुवटीला हात लावून कितीही उदात्त विचार करा, घड्याळ तुम्हांस एक सेकंदही बक्षीस देणार नाही. सोंगटी उचलून ठेवा, कळ दाबा, की दहा सेकंद तुमच्या पदरात!

मात्र यावरून घाई म्हणजेच शौर्य असा अर्थ कोणी काढू नये. दिव्याच्या त्या पंधरा मिनिटांमागे पंधरा वर्षांची साधना होती. घड्याळ नवी विद्या देत नाही. असलेली कामास लावते. हे मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दर वर्षी पाहतो. ज्याने काही वाचलेलेच नाही, त्याला तीन तास म्हणजे तीन युगे. पण हळहळ वाटते ती दुसऱ्याच एका विद्यार्थ्याची. त्याला सारे येत असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो इतके सुंदर लिहितो, इतके ऐसपैस लिहितो, की तपासताना मन प्रसन्न व्हावे. दुसरे बरे. तिसरे त्रोटक. चौथ्याच्या जागी दोन ओळी, आणि पाचव्याच्या जागी कोरा कागद. त्या कोऱ्या कागदाला मी गुण कसे द्यावेत? त्याला उत्तर येत होते, हे मला ठाऊक असते; पण पटावर न केलेल्या चालीला कोणी मोजत नाही.

आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यात तर हे कोणाला शिकवावयासच नको. येथला धानकरी दर वर्षी आळीपाळीचा डावच खेळतो. एक चाल त्याची, एक आभाळाची. मृगाच्या सुमारास तो पऱ्हे टाकतो. मग चाल आभाळाची. पाऊस आला तर बांधीत चिखल होईल आणि रोवणी लागेल. नाही आला तर तो वाट पाहतो. पण येथे पट थांबत असला तरी पऱ्हे थांबत नाहीत. तीन-चार आठवड्यांचे रोप झाले की ते लावले पाहिजे. जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात आणि पीक उतरते. मग पाऊस अपुरा असला तरी तो तलावाचे पाणी घेतो, सर्व बांध्या साधत नसल्या तर साधतील तेवढ्या रोवतो, उंचावरची एखादी बांधी तशीच सोडून देतो. त्याने आधीच थोडे हलके धान, थोडे मध्यम, थोडे भारी असे टाकून ठेवलेले असते. सगळे पत्ते एकाच हातावर त्याने लावलेले नसतात. 'सारी बांधी मनासारखी झाल्याशिवाय रोवणार नाही' असे म्हणणारा धानकरी मी अद्याप पाहिलेला नाही. आमच्या ओळखीचे एक वयस्क शेतकरी आहेत, त्यांना मी एकदा विचारले, की पाऊस इतका अनिश्चित असताना रोवणीचा निर्णय करता कसा? ते म्हणाले, "निर्णय कायचा जी मास्तर? पऱ्हेच सांगतात."

दिवाळी येते तेव्हा आमच्याकडे हलके धान कापून झालेले असते आणि भारी धान अजून बांधीत उभे असते. म्हणजे डावाचा अर्धा निकाल हाती आणि अर्धा लांबणीवर, अशा संधिकालात आम्ही पणत्या लावतो. कोणती बांधी रोवावयाची राहिली, तिची हळहळ कोणाला नसते असे नाही. रिकामी बांधी रस्त्यावरूनही दिसते. पण भरलेल्या बांध्या तिच्या भोवती उभ्या असतात.

भाच्याला मी नंतर एकदा विचारले होते, की तू तो खेळ पुन्हा घेतलास का? परीक्षा तर केव्हाच झाली, नोकरीही लागली. तो म्हणाला, "घेतला, मामा. या वेळी वेळेची अडचण नव्हती. सगळं नीट करायचं ठरवलं. एकही माणूस गमवायचा नाही, आजोबांना तर नाहीच."

"मग?"

"चालू आहे अजून," तो म्हणाला.

तेव्हा या दिवाळीत फराळाची ताटे बाजूला सारून पट मांडावासा वाटला, तर जरूर मांडा. लॅपटॉपवर मांडा, सतरंजीवर मांडा. मुलांना शेजारी घ्या, थोरांना समोर बसवा, मांजराला खोलीबाहेर ठेवा. फक्त एक करा : पटाशेजारी एक घड्याळ ठेवा, आणि ते दोघांनाही दिसेल असे ठेवा.